फरशीखालची ओल
(जीर्णोद्धार समारंभाच्या सभेत झालेले भाषण)



जीर्णोद्धार म्हटला की शिखराचा रंग, सभामंडपाचा स्लॅब आणि संगमरवरी फरशी या तीन गोष्टींची चर्चा आधी होते. फरशीखाली काय घालायचे, हा विषय सहसा निघत नाही. त्याचे कारण सरळ आहे. देणगीदाराचे नाव फरशीवर कोरता येते, फरशीखालच्या दगडगोट्यांवर कोरता येत नाही. परंतु देवळाची कळा जाते ती बहुतेक वेळा खालूनच. पाच-सात पावसाळे झाले की फरशीच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसू लागते, भिंतींना पायथ्याशी दोन-तीन हात उंचीपर्यंत पोपडे सुटतात, कोपऱ्यात पाय ठेवला की फरशी पोकळ वाजते. मग गवंड्याने काम चोरले असे बोलले जाते. काही वेळा ते खरेही असते. पण गवंडी प्रामाणिक असूनही असे होते, आणि ते का होते हे पैसे खर्च होण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

या जिल्ह्यातच त्याचा उलगडा सापडतो. अकोले तालुक्यात रतनवाडी-घाटघरकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. त्या पावसात अमृतेश्वराचे शिलाहारकालीन देऊळ उभे आहे. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात पिंडीभोवती कमरेइतके पाणी असते आणि लोक त्या गार पाण्यातून प्रदक्षिणा घालतात. खुद्द नगर शहराजवळचा फराहबाग महाल १५८३ मध्ये पुरा झाला, तो चहूकडून पाण्याच्या तलावात वेढलेला असा बांधला होता, काम दगडचुन्याचे. आणि इकडे पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या, दुष्काळी म्हणवल्या जाणाऱ्या गावांत नव्या सिमेंटच्या देवळात ओल येते. म्हणजे नुसते पाणी हा शत्रू नव्हे. पाणी कोणत्या वाटेने येते आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

समईची वात जशी तेल वर ओढते तसे माती, वीट, चुना आणि सिमेंट काँक्रीट जमिनीतले पाणी वर ओढतात. यांच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. घट्ट काळा पाषाण पाणी फारसे ओढत नाही, सांध्यातला माल ओढतो. वर आलेले पाणी एकटे येत नाही, जमिनीतला क्षार विरघळवून आणते. पाणी वाऱ्याने उडून जाते, क्षार मागे राहतो, त्याचे स्फटिक फुगतात आणि गिलावा फोडतात. यालाच लोणा लागणे म्हणतात.

प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, गोदावरीचे कालवे त्याही आधीचे. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाचा पट्टा वाढत गेला. त्याने संसार उभे राहिले, यात वाद नाही. पण कालव्याखालच्या काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, काही जमिनी खारवट झाल्या, हेही शेतकऱ्याला ठाऊक आहे. जे पाणी उसाच्या वाफ्यात आहे तेच जोत्याखालीही आहे. त्यात गावातला रस्ता दर काही वर्षांनी काँक्रीटचा थर चढून उंच होतो. पूर्वी देवळात दोन पायऱ्या चढून जावे लागे, काही गावांत आता एक पायरी उतरावी लागते. वेशीपासूनचे सारे पाणी मग देवाच्या दारी येणारच.

ओल खालून येते की हवेतून, हे आधी ठरवावे. आषाढात दमट वारा सुटला की गार फरशीला घाम येतो; ती ओल निराळी, दारे-खिडक्या उघडून वारा खेळता केला की जाते. परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर अंथरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. थेंब वरच्या अंगाला जमले तर हवेतली ओल. खालच्या अंगाला जमले किंवा खालची फरशी काळपट पडली, तर पाणी जमिनीतून येत आहे. ही परीक्षा पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा करावी, गर्भगृहाजवळ, मंडपाच्या मध्यावर आणि भिंतीकडेला वेगवेगळी करावी.

नवी फरशी घालायची तर खालची काळी माती उपसून काढावी. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते; तिच्यावर कितीही भारी काँक्रीट घातले तरी ते तडकते. तिच्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून ठोकलेले. त्यावर हाताने रचलेले नऊ इंच दगडी सोलिंग. दगडांमधल्या मोठ्या पोकळीतून पाणी वर ओढले जात नाही, म्हणून त्या पोकळ्या मातीने भरू नयेत. वर फक्त कचीचा पातळ थर द्यावा. मग दोनशे पन्नास मायक्रॉनचे प्लास्टिक, जोडाला किमान सहा इंच एकावर एक चढवून चिकटवलेले. त्यावर चार इंच काँक्रीट आणि शेवटी फरशी. काँक्रीट ओतताना घमेली घेऊन अनवाणी धावणाऱ्या तरुण मंडळींच्या उत्साहात हे प्लास्टिक फाटते. श्रमदान जरूर करावे, पण त्या दिवशी फळ्या टाकून चालावे.

चाळीस बाय पंचवीस फुटांच्या मंडपाला असे प्लास्टिक जोडासह सुमारे पंचवीस किलो लागते, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतके वजन. एवढ्या खर्चासाठी हजार चौरस फूट संगमरवर धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

काँक्रीट कालवताना गवंडी हात हलका चालावा म्हणून पाणी वाढवतो. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरते. जादा पाणी उडून गेले की त्याच्या जागी छिद्रे राहतात आणि ओलीला आयता रस्ता मिळतो. ओतल्यावर मात्र पाणी मारण्यात कसूर नको. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. बाजारात मिळणारी पाणीरोधक द्रावणे काँक्रीटमध्ये मिसळली तर उपयोगी पडतात, परंतु ती भेग सांधत नाहीत. जुन्या ओल्या फरशीवर वरून फासलेला थर तर खालचे पाणी लोटून काढते.

जुन्या दगडी देवळाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याच्या भिंतीत ओल अडवणारा थर नसतो. मधली सारी जमीन प्लास्टिक आणि सिमेंटने बंद केली की जे पाणी फरशीतून सावकाश उडून जात होते ते भिंतीकडे सरकते आणि भिंतीत चढते. फरशी कोरडी, भिंत ओली! मग भिंतीला सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट, त्याला पोपडे, पुन्हा पेंट, असे चक्र चालू राहते. काळ्या पाषाणावर ऑइल पेंट फासण्याची चाल कोठून आली देव जाणे. दगडाचे रूप गेले आणि सांध्यांचा श्वासही कोंडला. अशा देवळात दगडी फरशी चुन्याच्या कोब्यावरच बसवावी, सांधे चुन्याचे भरावेत, भिंतीला चुन्याची सफेदी द्यावी. विटांचे तुकडे आणि चुना चोपण्यांनी चोपून, गूळ-हिरड्याचे पाणी देऊन केलेला कोबा जुन्या कारागिरांना पाठ होता. चौंडीत १७२५ मध्ये जन्मलेल्या, जिचे नाव २०२४ मध्ये या जिल्ह्याला मिळाले, त्या अहिल्यादेवींनी देशभर घाट आणि देवळे बांधली ती दगडचुन्याचीच. देऊळ सरकारी संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून त्याच्या दगडाला हात लावू नये.

अभिषेकाचे पाणी हाही एक मोठा भाग आहे. फरशीवर फरशी चढत जाते आणि जुने गोमुख तिच्याखाली बुजते. मग रोजचे पाणी, दूध, दही गर्भगृहाच्या तळाशी मुरते. नवी फरशी घालण्यापूर्वी गोमुखापर्यंतची वाट मोकळी करून घागरभर पाणी ओतून पाहावे. फरशीला दर दहा फुटांना सव्वा इंच उतार द्यावा. गर्भगृहात संगमरवर टाळलेला बरा, कारण दही आणि लिंबू त्याला खातात व त्याची चकाकी जाते. काळ्या दगडाला त्याची तमा नाही.

बाहेरचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरहून अधिक पाणी होते. ते पन्हाळीतून थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर आत काहीही करा, ओल हटणार नाही. पाणी नळाने दूर न्यावे, भोवतालची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली घ्यावी, भिंतीलगतच्या चार फुटी पट्ट्याला बाहेरच्या बाजूस एक इंच उतार द्यावा. चर खणून दगडगोटे भरायचे तर भिंतीपासून तीन-चार फूट दूर, आणि पायाच्या खोलीपेक्षा वरच. नाही तर ओल काढता काढता पाया उघडा पडायचा.

राहता राहिला प्रश्न तारखेचा. चैत्रातली यात्रा, कलशारोहणाचा मुहूर्त, पाहुण्यांचे निमंत्रण हे आधी ठरते आणि गवंडी नंतर येतो. ओली भिंत मात्र मुहूर्त पाळत नाही. इंचाला सुमारे महिना असा तिच्या सुकण्याचा ढोबळ हिशेब आहे. दोन फुटी भिंतीला दोन वर्षे. तेव्हा कलशारोहण मुहूर्तावर व्हावे, भिंतींना तूर्त पांढरा चुना असावा आणि रंगाची देणगी बँकेत ठेवावी. देणगीदारांची नावे एकत्र एका काळ्या शिळेवर कोरून दाराशी लावता येतील. पायदळी येणार नाहीत आणि ओलीने फुटणारही नाहीत. बाहेरच्या गटाराची झाकणे दरवर्षी मृगाच्या आधी उघडून आतला गाळ काढण्याचे काम कोणत्या आळीकडे राहील, हे विश्वस्तांनी या सभेतच नाव घालून ठरवावे.