हाती रोकड, दारी जनावर



गरिबाच्या हाती रोख पैसा पडला तर तो त्याचे काय करील, हा प्रश्न आपल्याकडे नेहमीच काहीशा संशयाने विचारला जातो. पैसा दारूत जाईल, लग्नकार्यात उडेल, जुन्या उधारीत जिरेल, अशी उत्तरे विचारणाऱ्याच्या मनात आधीच तयार असतात. म्हणून मदत करावयाची ती वस्तूच्या रूपाने करावी. धान्य द्यावे, शिवणयंत्र द्यावे, म्हैस द्यावी, पण पैसा देऊ नये, असे पुष्कळ सज्जनांचे मत आहे. या मताचा विचार आज मी एकाच अंगाने करणार आहे. रोख मदत आणि खेड्यातील गुरेढोरे यांचा परस्परांशी संबंध काय, एवढाच माझा विषय आहे.

तो सुचण्याचे कारण आमच्या चलथाण गावातच आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे, आणि सुरतेच्या सहकारी दूध संघाचा, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘सुमुल’चा, पशुखाद्याचा कारखानाही आहे. दिवाळी आटोपली की धुळे, नंदुरबार आणि डांग या भागांतून ऊसतोडणीसाठी माणसे या प्रदेशात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. यांपैकी पुष्कळांनी पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ते ती फेडण्यासाठी राबतात. याच शिवारात दुसरीही कुटुंबे आहेत. सकाळ-संध्याकाळ ती दूध मंडळीत कासंडी घेऊन जातात आणि दुधाचा पैसा ठराविक दिवशी नेमाने घेतात. दूध संघ १९५१ साली स्थापन झाला. तेव्हापासून या नियमित पैशाने कित्येक घरे सावरली आहेत. कष्ट दोन्हीकडे आहेत. पण एकाच्या दारी जनावर आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर उचल आहे.

खेड्यातील माणूस जनावराकडे केवळ दुधासाठी पाहत नाही. जनावर ही त्याची पेढी असते. बँकेत ठेवलेल्या पैशाला व्याज मिळते, तसे शेळीला करडू होते. घरात आजार आला तर बोकड बाजारात नेता येतो. शेताच्या तुकड्याप्रमाणे त्याला दस्तऐवज लागत नाही आणि सोन्याप्रमाणे तो सावकाराकडे अडकूनही पडत नाही. आमच्या शेजारच्या बारडोली तालुक्यात १९२८ साली सारावाढीविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा सरकारने जप्तीसाठी शेतकऱ्यांच्या म्हशींवरच हात टाकला; आणि शेतकऱ्यांनी त्या म्हशी महिनोन् महिने घराच्या बंद दारांआड माणसांबरोबर कोंडून सांभाळल्या. कुटुंबाचे बळ कोठे साठवलेले असते, हे सरकार आणि रयत दोघांनाही ठाऊक होते.

असे असेल तर गरिबाला जनावरच द्यावे, पैसा कशाला, असे कोणी म्हणेल. हा प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. १९७८-७९ साली सुरू झालेली एकात्मिक ग्रामीण विकास योजना १९८० साली देशातील सर्व विकास गटांत पोचली. बँकेचे कर्ज आणि सरकारचे अनुदान मिळून गरीब कुटुंबाला उत्पन्नाचे साधन द्यावयाचे, अशी ही योजना होती. अनुदान लहान शेतकऱ्याला चौथा हिस्सा, अल्पभूधारकाला व शेतमजुराला तिसरा हिस्सा आणि आदिवासीला निम्मे असे. हे साधन पुष्कळ वेळा दुभते जनावर असे. हेतू उत्तम होता. परंतु ज्याच्याकडे वैरणीची सोय नाही त्याच्याही दारी म्हैस आली. एकाच वेळी अनेकांसाठी खरेदी निघाल्यामुळे बाजारात जनावरांचे भाव चढले. काही ठिकाणी म्हैस कागदावर आली आणि कागदावरच मेली. जनावर विकले गेले, कर्ज मात्र राहिले, असेही अनेक घरी घडले. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ साली, अशा रीतीने गरिबी हटेल काय, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. १९९९ साली ती योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली.

दोष म्हशीचा नव्हता. कोणते जनावर घ्यावे, केव्हा घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे, हे तीनही निर्णय ज्याने ते सांभाळावयाचे त्याच्या हाती नव्हते. बाजारात जनावर घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, कास पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि विकणाऱ्याची कुळकथाही काढतो. ही परीक्षा कचेरीतील मेजावर होत नाही. पैसा घरधनिणीच्या हाती असेल तर म्हैस झेपत नाही हे ओळखून ती एक शेळी घेते, किंवा शेळीही न घेता आधी कोंबड्या घेते.

हे केवळ अनुमान नाही. २०११ साली मध्य प्रदेशात ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने एक प्रयोग केला. आठ खेड्यांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये देण्यात आले. पुढे ही रक्कम अनुक्रमे ३०० व १५० झाली. पैसा कशासाठी खर्च करावा याविषयी एकही अट नव्हती. एका आदिवासी खेड्यातही असाच स्वतंत्र प्रयोग झाला. पैसा मिळालेल्या खेड्यांची तुलना न मिळालेल्या खेड्यांशी केली, तेव्हा असे दिसले की कुटुंबांनी बी-बियाणे व जनावरे घेतली, मुलांची शाळेतील हजेरी सुधारली, आणि दारूचा खप वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. आदिवासी घरांना कर्जापायी दुसऱ्याच्या शेतावर ‘नौकर’ म्हणून बांधून घ्यावे लागत असे. त्या वेठीची पकडही सैल झाली. आफ्रिकेतील झांबियात २०१० पासून लहान मुले असलेल्या गरीब घरांना नियमित रोख साहाय्य मिळू लागले. तेथेही जनावरे पाळणारी घरे वाढली. व्यसनाच्या शंकेविषयी सांगावयाचे तर, निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून एव्हान्स व पोपोवा या अभ्यासकांनी २०१४ साली असाच निर्वाळा दिला की, रोख मदतीने दारू-तंबाखूवरील खर्च साधारणतः वाढत नाही.

तथापि पैसा कसा द्यावा, एकदम की हप्त्याहप्त्याने, यावर बरेच काही अवलंबून आहे. केनियात एका संस्थेने काही घरांना सगळी रक्कम एकदम दिली आणि काहींना तीच नऊ महिन्यांत वाटून दिली. एकरकमी पैसा टिकाऊ वस्तूंकडे अधिक वळला. महिन्याने आलेला पैसा पोटाकडे अधिक वळला. आपल्या गोठ्याचा हिशेबही हेच सांगतो. म्हैस घेण्यासाठी मोठी रक्कम एकाच दिवशी हवी. पण म्हैस वर्षभर दूध देत नाही. दहा महिने दूध दिल्यावर ती आटते, आणि पुन्हा विईपर्यंतच्या भाकड काळात तिची वैरण, पेंड व सरकी चालूच राहते. गरिबाची म्हैस पुष्कळदा याच काळात विकली जाते. तीही पडत्या भावाने, कारण चारा महागला की सगळेच विकावयास निघतात. म्हणजे एकरकमी मदत जनावर दारी आणते आणि दरमहाची मदत ते दारी टिकवते. ज्या योजनेत यांपैकी एकच गोष्ट आहे, ती अर्धी योजना आहे.

शेळीचा हिशेब याहून सोपा आहे. ती पाच महिन्यांत विते. नीट निगा राखली तर दोन वर्षांत तीन वेत होतात आणि एका वेळी दोन करडे होणे हे नवलाचे नाही. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांना महिना १५०० रुपये देण्यास सुरुवात केली. या दराने वर्षाचे १८,००० रुपये होतात. महिन्याच्या १५०० रुपयांत शेळी येत नाही. पण दहाजणींनी भिशी लावली, तर दर महिन्याला एकीच्या हाती १५,००० रुपये येतात आणि त्यांत तिच्या शेळ्यांचा आरंभ होऊ शकतो. ज्या स्त्रीने आजवर दुसऱ्याची शेळी वाट्याने पाळली आणि होणाऱ्या करडांतील निम्मी मालकाला दिली, तिच्या घरी आता सगळी करडे तिचीच राहतील.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पहिली अशी की, पैशाने जनावर येते, पण पैशाने पशुवैद्य येत नाही. २०२२ साली गुजरात व महाराष्ट्रात लंपी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा ज्यांच्याकडे एकच गाय होती त्यांची सारी पेढीच बुडाली. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची व आंत्रविषाराची लस वेळेवर मिळणे हा मदतीचाच भाग मानला पाहिजे. दुसरी अशी की, शेतकऱ्याला वर्षाला ६००० रुपये देणारी केंद्राची योजना २०१९ पासून चालू असली तरी ती जमीनधारकांसाठी आहे. उसाच्या फडात राबणारा भूमिहीन तिच्या बाहेर राहतो. आणि तिसरी गोष्ट मी शिक्षक या नात्याने सांगतो. घरी शेळ्या आल्या की त्या चारण्याचे काम बहुधा मुलीच्या वाट्याला येते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी पडू लागते. उलट, जनावर आहे म्हणून आजी-आजोबा अथवा आई घरी राहिली, तर उसाच्या पडावावर जाणारे मूल गावच्या शाळेत राहू शकते. एकाच शेळीने मूल शाळेत जाते किंवा शाळेतून निघते. म्हणून शेळ्या दाराशी बांधून पाळाव्यात आणि दोन्ही वेळचा पाला थोरांनीच आणावा.

शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. परदेशी निघालेला धनी आपल्या चाकरांच्या हाती ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे द्रव्य देतो. काय विकत घ्या, हे सांगत नाही. दोघे ते द्रव्य वाढवतात, तिसरा भिऊन जमिनीत पुरतो. दृष्टांताचा गाभा आध्यात्मिक आहे, हे मी जाणतो. पण विश्वासाने दिलेले द्रव्य आणि सांभाळून दिलेली वस्तू यांतील भेद त्यात स्पष्ट दिसतो. आपले गरीब बांधव द्रव्य पुरून ठेवणाऱ्यांतले नाहीत.

सुरतेच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची घरे अजून खानदेशात आहेत आणि दर महिन्याला तिकडे काही ना काही पैसा जातो. तीही रोख मदतच आहे. त्यातील काही भाग वर्षभर बाजूला ठेवून मृगापूर्वी एकदम पाठवता आला, तर मुकादम उचल घेऊन दाराशी येण्यापूर्वीच त्या घरी निवडीला वाव राहील. आणि तो पैसा पाठवताना काय घ्यावे, हे गावाकडच्या वहिनीला विचारावे. तिला सांगू नये. तिच्या गोठ्यात किती वैरण आहे, हे तिलाच ठाऊक असते.