सरड्यासाठी नाणेघाट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



'टाकाऊतून टिकाऊ या विषयावर चार शब्द बोला' असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा बाटलीची फुलदाणी किंवा जुन्या लुगड्याची गोधडी असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. मी मात्र आज एका सरड्याच्या घराची मागची भिंत कशी केली, ते सांगणार आहे. मागच्या रांगेतून 'इश्श!' ऐकू आले. त्या बाईंना माझी एवढीच विनंती की, शेवटपर्यंत बसावे. सरडा मी बरोबर आणलेला नाही.

हा सरडा माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचा. ती मंडळी कल्याणला राहतात. मुलगा कॉलेजात आहे आणि त्याला या प्राण्यांचा भारी नाद. त्याच्याकडे जो सरडा आहे तो आपल्या कुंपणावरचा नव्हे. तो ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत मुलखातला आहे. त्याला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. शेपटीसकट दीड ते दोन फूट लांब आणि रंगाने मातकट. गळ्याखालची काटेरी कातडी फुगवली की दाढी दिसते, म्हणून हे नाव. किडे खातो आणि चिरलेली पालेभाजीही खातो. माझ्या जावेला भाजी निवडताना हा एक गिऱ्हाईक वाढला.

आता अडचण काय झाली ते ऐका. मुलाने काचेची पेटी घेतली, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. चारी बाजूंनी काच आणि वर जाळीचे झाकण. आपल्याला वाटते, किती छान, सगळीकडून दिसतो! पण त्याला काय वाटत असेल? चव्हाट्यावर बसवून ठेवलेल्या माणसासारखी त्याची गत. मागून माणसे जातात, बाजूने मांजर डोकावते आणि काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसले की त्याला दुसरा सरडा आला असे वाटते. मग तो तासन् तास काचेवर पंजे घासत उभा राहायचा, दाढी काळी करायचा. या जातीत दाढी काळी होणे हे राग किंवा भीती यांचे लक्षण असते. खाणेही कमी झाले. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, 'वहिनी, मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, सरड्याचे खाण्यात नाही.' पाठीशी भिंत हवी, हे त्या मुक्या जीवाला कळत होते आणि आपल्याला सांगता येत नव्हते.

बाजारात अशा पेट्यांसाठी छापील चित्रे मिळतात. हिमालय, धबधबा, निळा समुद्र. ती काचेला बाहेरून चिकटवायची. चित्राने मागची वर्दळ झाकली जाते हे खरे, पण चित्रावर चढता येत नाही आणि चित्राच्या कपारीत लपता येत नाही. मुलाने ठरवले की, खडकाची खरी भिंत करायची, आणि दिवाळीच्या सुटीत तो इकडे वैशाखऱ्याला आला. त्याचे म्हणणे असे की, 'काकू, लहानपणी तू आम्हांला किल्ला करून द्यायचीस, तस्साच कर, फक्त उभा कर.'

भगिनींनो, दिवाळीचा किल्ला आपल्यापैकी कोणी केला नाही? विटा रचायच्या, वर गोणपाट चिखलाच्या रबड्यात बुडवून पांघरायचे, सुरकुत्या पडतील तेथे कडे आणि घळी करायच्या, अळीव पेरायचे. हीच विद्या येथे कामाला आली. परदेशात लोक ही भिंत थर्माकोल कोरून करतात आणि वर सिमेंटचे लेप देतात. थर्माकोल हलका असतो आणि सुरीने हवा तसा कापतो, म्हणून ती रीत सोपी. पण आपल्या राज्यात मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, हे गणपतीच्या मखराच्या निमित्ताने आपणा सर्वांना ठाऊक आहे. शिवाय सरड्याने नखाने उकरून त्याचे मणी गिळले तर पोटात अडकतील, ती धास्ती वेगळीच. म्हणून आम्ही गोणपाटच घेतले.

पहिला वाद नक्षीवरून झाला. मुलाला हवा होता माळशेजचा धबधबा, हिरव्या वेली आणि खाली खरे पाणी खेळते. मी म्हटले, 'अरे, तुझा सरडा कोरड्या प्रदेशातला. त्याला पावसाळा दाखवलास तर छाती भरेल.' ओलसर, कोंदट हवेत या जातीला श्वासाचे विकार होतात हे त्यालाही माहीत होते, पण हौस माणसाला विसरायला लावते. शेवटी तोड निघाली ती आपल्या दारातूनच. समोर नाणेघाट आहे. पण श्रावणातला नव्हे, वैशाखातला करायचा. गवत वाळलेले, दगड उघडा, पाण्याचा टिपूस नाही. गावाचे नावही राहिले आणि सरड्याची प्रकृतीही!

त्यात आणखी एक सोय होती. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून त्याचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. सरड्याला तरी दुसरे काय हवे? आडवा टप्पा, त्यावर पसरून ऊन खायचे, आणि खाली सावलीची कपार. आम्ही दोघे एका सकाळी घाटाच्या वाटेने वर गेलो आणि मुलाने कड्याची रेखाटने केली. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईने यज्ञांचा आणि दानांचा हिशेब भिंतीवर कोरवून ठेवला, त्याचे मला दर वेळी नवल वाटते. तेथे सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते गेले, वरची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, 'म्हणजे मागची भिंतच टिकते, काकू.' पोरगा कधी कधी बरे बोलतो.

आता कृती सांगते. पातळ प्लायवूडचे तीन तुकडे कापले. एकसंध भिंत केली असती तर झाकणातून आत गेलीच नसती. प्रत्येक तुकड्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगाळून, उंचसखल करून खिळवली. आत पोकळ ठेवली, म्हणजे वजन होत नाही. काचेच्या तळावर सिमेंटचे धूड ठेवणे बरे नव्हे. त्यावर धुतलेले गोणपाट सिमेंटच्या पातळ रबड्यात बुडवून पांघरले आणि बोटांनी दाबून थर काढले. दुसऱ्या दिवशी बारीक चाळलेली वाळू घातलेला दुसरा हात दिला. वाळूमुळे पृष्ठभाग खरखरीत होतो. पंजे रोवायला आणि कात टाकताना अंग घासायला तो उपयोगी पडतो.

रंगाबद्दल मी हट्ट धरला. तेलरंग नको, वार्निश नको, टर्पेंटाइन तर घरातच नको. पेटीत दिवा तापला की वास सुटतो, आणि तो प्राणी उठून खिडकी उघडू शकत नाही. फरशीत घालतात तो काळा, तांबडा आणि पिवळा ऑक्साइड शेवटच्या लेपाच्या सिमेंटमध्येच कालवला. असा रंग उकरला तरी पापुद्रे सुटत नाहीत. ओल्या लेपावर फडक्याच्या बोळ्याने पिवळा टिपका, खोबणीत काळा. वाळल्यावर तो असा काही कडा दिसू लागला की आमच्या घरचे गृहस्थ चष्मा लावून पाहायला आले.

मग सात दिवस पाणी मारले. घर बांधणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. पण पुढचे काम घरात कोणी करत नाही, ते येथे करावे लागते. ताज्या सिमेंटचा चुनखट अंश प्राण्याच्या कातडीला बाधतो. म्हणून भिंत पुन्हा पुन्हा धुवायची, मधून व्हिनेगर घातलेल्या पाण्याने घासायची, मग साध्या पाण्याने, आणि नंतर उन्हात खडखडीत वाळवायची. आम्ही तीन आठवडे दिले. मुलगा रोज फोन करी, 'झाली का?' मी म्हणे, 'लोणचे मुरतेय.'

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओट्याच्या उंचीची आहे, आणि येथेच हौशी लोकांच्या हातून त्या प्राण्यांना इजा होते. पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा असतो. त्याखालची बसायची जागा चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास तापावी लागते आणि दुसरे टोक पंचवीसच्या आसपास थंड असावे लागते. हे प्राणी आपले अंग स्वतः तापवू शकत नाहीत, उन्हातून सावलीत जाऊन बेत सांभाळतात. आता शोभेसाठी तुम्ही भिंतीला उंच टप्पा काढलात, तर सरडा त्यावर चढून दिव्याच्या जवळ जाणार आणि पाठ भाजून घेणार. म्हणून मुलाने येताना दिवा आणि तापमापक बरोबर आणले होते. गोणपाट पांघरण्याआधीच विटा रचून दिवा ठरल्या उंचीवर टांगला आणि तासाभराने पाहिले. चार विटांवर पन्नासच्या वर गेला, तीन विटांवर एक्केचाळीस. तेव्हा टप्पा तीन विटांवर धरला आणि त्याहून उंच कोठेही पाय ठरणार नाही असा कडा गुळगुळीत उभा ठेवला. टप्प्यावर एक अख्खी वीट रात्रभर ठेवून पाहिली. सरडा अर्ध्या किलोच्या आतबाहेर, वीट त्याच्या कितीतरी पट, तेव्हा काळजी नाही.

फटींचेही तसेच. पाय अडकेल अशी अरुंद भेग ठेवायची नाही, जाळीचे टोक उघडे ठेवायचे नाही. आणि भिंत नि काच यांमधली फट मत्स्यपेटीला लावतात त्या सिलिकॉनने बंद करायची, बुरशीनाशक घातलेले घ्यायचे नाही, आणि वास पुरता जाईपर्यंत प्राणी आत सोडायचा नाही. फट राहिली तर खायला सोडलेले रातकिडे भिंतीमागे संसार थाटतात आणि रात्रभर किरकिरतात. जाऊबाईंनी ही अट सर्वांत आधी घातली होती.

हे काम अंगणात चालले होते, तेव्हा वाडीतली पोरे घोळक्याने यायची. एक जण म्हणाला, 'मावशी, त्याला सोबतीला घोरपडीचे पिल्लू आणून देऊ का?' त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मी त्याला ओसरीवर बसवले आणि लाडू देऊन सांगितले, ते तुम्हांलाही सांगते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपली घोरपड, आपले नाग-अजगर, मांडूळ, पाठीवर चांदण्या असलेले कासव, यांतले काहीही धरणे किंवा घरात ठेवणे गुन्हा आहे. 2022 ची दुरुस्ती झाल्यापासून चांदणी कासवाला तर सर्वांत वरच्या अनुसूचीत घातले आहे. तरी लोक 'वास्तूला लाभते' म्हणून ते घेतात. मांडुळाने गुप्तधन मिळते, म्हणून आपल्या ठाणे जिल्ह्यात त्याची चोरटी विक्री करताना माणसे पकडली गेली आहेत. धन कोणालाच मिळाले नाही. आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषांच्या कानांवर असा सौदा आला, तर तो चुलीपाशीच मोडून काढणे आपल्या हाती आहे. परदेशी प्राण्याचेही कागद पाहूनच घ्यावे. आंतरराष्ट्रीय यादीतल्या जातींची नोंद सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करण्याचे नियम 2024 साली निघाले आहेत. मुलाला मी ते कागद दाखवायला लावले, त्यानंतरच गोणपाटाला हात लावला.

त्या पोरांपैकी दुसऱ्याची सूचना अशी की, जेठात काजवे धरून पेटीत सोडू, म्हणजे रात्री डोंगर लुकलुकेल. कल्पना सुंदर खरी. पण अमेरिकेत एखादा काजवा गिळून हे सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. काजव्यात विष असते आणि ऑस्ट्रेलियातल्या या प्राण्याला ते ओळखता येत नाही. काजवे आपल्या झाडांवरच बरे.

भिंत बसवली, दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून जाड कागदाने झाकल्या, समोरची तेवढी उघडी ठेवली. पहिले दोन दिवस तो खालच्या कपारीतून बाहेर आला नाही. जाऊबाई धास्तावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी टप्प्यावर पोट टेकून, डोळे अर्धे मिटून बसला होता, दाढी मातकट, जशी असावी तशी. काचेवर पंजे घासणे पुष्कळ कमी झाले, अगदी थांबले असे मी म्हणणार नाही. खाणे सुधारले. त्यात भिंतीचा वाटा किती आणि मुलाने नवा अतिनील दिवा लावला त्याचा किती, हे सांगता येत नाही. तो दिवाही या प्राण्यांना लागतो, त्यावाचून हाडे ठिसूळ होतात.

नमुन्यासाठी केलेला एक हातभर तुकडा मी येथे मेजावर ठेवला आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी तो हातात घेऊन पाहावा, नख लावून उकरून पाहावा. गोणपाट कोणते आणि सिमेंट किती, हे कोणी विचारले तर सांगेन. घरी अर्धी गोणी अजून शिल्लक आहे.