वादळानंतरचें वर्ष



मी जतचा. आमच्या तालुक्यास समुद्र ठाऊक नाहीं. ठाऊक आहे तो दुष्काळ. मग वादळानें उद्ध्वस्त झालेल्या कोंकणाविषयीं मीं काय बोलावें, असें आपण विचाराल. परंतु दुष्काळानें आम्हांस एक गोष्ट शिकविली आहे. पाऊस पडला कीं दुष्काळ संपला, असें शहरांत समजतात. शेतकऱ्याचा दुष्काळ मात्र विकलेल्या बैलजोडीच्या जागीं दावणीस दुसरी जोडी उभी राहते, तेव्हां संपतो.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडील नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. पत्रे, कौलें, धान्य यांची मदत गेली. ती अवश्यच होती. परंतु छप्पर महिन्याभरांत शाकारतां येतें. पोफळीचें रोप लावल्यावर सुपारी हातीं येण्यास पांच-सात वर्षें लोटतात.

शिवाय वाडी हें एक कुटुंबच असतें. वर नारळ, त्याखालीं पोफळ, तिच्यावर मिरीचा वेल, सावलींत जायफळ. वडील माणूस गेलें कीं पोरांवरचें छत्र जातें, तसें उंच झाड पडलें कीं खालचें उन्हांत होरपळतें. म्हणून नव्या वाडींत आधीं केळ लावतात. तिच्या सावलींत पोफळीचें रोप तग धरतें.

सरकारनें फळबागांची भरपाई हेक्टरीं १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. रक्कम मोठी दिसते. पण कोंकणांतील लहान वाडी गुंठ्यांनीं मोजतात, आणि हेक्टरांत सुमारें ९९ गुंठे. या हिशेबानें दहा गुंठेवाल्याच्या पदरीं पांच हजार रुपये पडतात. झाडागणिक भरपाईची मागणी झाली, ती याच कारणास्तव. त्यांतच वर्ष सरण्यापूर्वीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेलें.

यावर उपाय काय? १९७२ च्या दुष्काळांत आमच्याकडील लोकांनीं सरकारी कामांवर खडी फोडून दिवस काढले. त्या अनुभवांतून पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, आणि १९९० पासून फळबाग लागवडही त्यास जोडली गेली. तींतील अनुदान एकदम हातावर ठेवीत नाहींत. रोपें जगलीं आहेत हें पाहून तें तीन वर्षांत विभागून देतात. मदतीची खरी रीत हीच. ती झाडाच्या वयाबरोबर चालली पाहिजे.

आपणांसही हें करतां येईल. वादळाच्या आठवड्यांत हात सैल सोडतां, तो थोडा आवरून धरा. उरलेला वांटा पुढल्या उन्हाळ्यांतील रोपांच्या पाण्यासाठीं राखून ठेवा, आणि वर्षानें त्या घरीं पत्र घाला: ‘रोपें जगलीं का?’ २०२० नंतर लावलेली पोफळ आतां कोठें फळूं लागली असेल. इतकी वर्षें तिच्याजवळ बसून राहणाऱ्या माणसास, आपली कोणास तरी आठवण आहे, एवढें कळलें तरी पुष्कळ झालें.