रेटिंगचे राजकारण

(बारामती-इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



भवानीनगरच्या कारखान्याची निवडणूक बघत वाढलेल्या आपल्याला गटबाजी कुणी शिकवायला नको. मी इंदापूरहून पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत गेले तेव्हा घरचे म्हणाले, तिथे तसले काही नसते. प्रोग्रॅम एक तर चालतो, नाही तर अडतो.

प्रोग्रॅमपुरते ते खरेच आहे. दोन दिवस छळणारी चूक सापडते, काम धावू लागते, तो आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही. म्हणून तर टिकले. पण प्रोग्रॅम चालला की नाही हे यंत्र सांगते, पगार किती वाढवायचा हे माणसे ठरवतात.

आमच्याकडे 'बेल कर्व्ह' होता. म्हणजे सगळ्यांनी चांगले काम केले तरी कुणाला तरी तळाला टाकायचेच. मग जी बाळंतपणाच्या रजेवर होती ती सापडते. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा १२ आठवड्यांची २६ झाली. मला रजा मिळाली, रेटिंग गेले. "तू वर्षभर नव्हतीसच ना," साहेब म्हणाले. सहा महिन्यांचे वर्ष! खरे निर्णय संध्याकाळी टपरीवर, चहा-सिगरेटबरोबर होतात. त्या वेळी आम्ही पाळणाघर गाठायला बस पकडत असतो. रात्री पुन्हा अमेरिकेचा कॉल, एका हाताने पोळ्या लाटत.

बायकांना हे झेपत नाही म्हणणाऱ्यांना सांगा, १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियाक संगणकाचे प्रोग्रॅम सहा बायकांनी बसवले होते. तेव्हा ते कारकुनी काम समजत. पैसा आणि मान आला, तसे ते पुरुषांचे झाले.

आम्ही चौघींनी केलेल्या कामाची तारीखवार वही ठेवली. एकमेकींना पगार सांगितले, हेच वरच्यांना जास्त झोंबले. रेटिंगची कारणे लेखी मागितली. दोघींचे रेटिंग बदलले, माझे नाही.

आता तुमचे काम. बढती-रेटिंगची लालूच किंवा धमकी देऊन लगट करणे हा २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळच आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, निम्म्या तरी बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरची हवी. त्या खुर्चीवर साहेबांच्या ओळखीची बाई बसली तर तक्रार तिथेच मुरते. म्हणून बारामतीच्या एमआयडीसीत, पतसंस्थांत, कॉलेजांत जाऊन विचारा, तुमची बाहेरची सदस्य कोण? दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. जिला लिहिता येत नाही तिला लिहून द्यायला तुमच्यातली कोण बसणार, ती नावे आजच ठरवू या.