हंगाम चार महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा

फेब्रुवारी ते मे कुरडया-पापडाच्या ऑर्डरी असतात, हातात रोख खेळते आणि त्यातूनच घरचा किराणा येतो. मग पावसाळ्यात कर्जाचा हप्ता कुठून भरायचा? एकीचा थकला की अख्ख्या गटाचं पुढचं कर्ज अडतं.

समजा, हप्ता 1,500 रुपये. वर्षाचे झाले 18,000. म्हणजे हंगामात दरमहा 4,500 बाजूला काढायलाच हवेत. पुढच्या गहू-उडदाचे वेगळे.

आणि स्वतःची मजुरी? ती बहुतेक जणी धरतच नाहीत! शेजारणीला पापड लाटायला बोलावलं, तर पैसे देतोच ना? तेवढेच आपल्या नावावर लिहा. घरखर्चाला तेवढेच न्यायचे, बाकी गल्ल्याला हात नाही. घरातलं कुणी मागेलच. त्यांना वही दाखवा.