तापलेला समुद्र आणि स्थलांतर करणारी तारली



किन्हीराजापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील शेतकऱ्याचे लक्ष सोयाबीन-तुरीकडे आणि आभाळाकडे. मासळीशी संबंध आलाच, तर आठवडी बाजारातील सुके बोंबील आणि सुकट यांच्यापुरता. तथापि 2023 चा ऑगस्ट महिना 1901 पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा त्यामागे प्रशांत महासागरातील उष्ण पाण्याचा, म्हणजेच ‘एल निनो’चा मोठा वाटा होता. पावसाची घडी विस्कटणारी ही उष्णता माशांनाही घर सोडावयास लावते.

‘एल निनो’ हे नाव पेरू देशाच्या कोळ्यांनी दिलेले. नाताळच्या सुमारास येणारे पाणी म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले. एरव्ही त्या किनाऱ्याला खोलातील थंड व सकस पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर मासे पोसले जातात. उष्ण पाण्याचा थर पसरला, की हा पुरवठा आटतो. 1970 मध्ये पेरूत अँकोव्ही मासळी सुमारे 1 कोटी 20 लाख टन मिळाली होती. 1972-73 च्या एल निनोनंतर ती 20 लाख टनांच्या आत आली. बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता, हे नमूद केलेच पाहिजे.

माशाच्या अंगाचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून मासा एक तर खोल जातो, नाही तर सोयीचे पाणी शोधीत दूर जातो.

अरबी समुद्रातील याचे ठळक उदाहरण तारलीचे. केरळात तिला ‘मत्ती’ म्हणतात आणि गरिबाच्या ताटातील ती रोजची मासळी. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासकांना असे आढळले, की 1976 पूर्वी तारली मुख्यत्वे मलबार किनाऱ्यापुरती मर्यादित होती. पुढील दशकांत ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यालाही विपुल मिळू लागली. 27 ते 29 अंश सेल्सियस तापमानाचे पाणी तिला मानवते, आणि तसे पाणी आता उत्तरेलाही लाभते.

यामुळे कोकणच्या कोळ्याचे भाग्य उजळले, असा समज होईल. तो घाईचा ठरेल. केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली होती. 2021 मध्ये अवघी 3,297 टन! 2015-16 च्या प्रबळ एल निनोच्या काळात तेथील तारलीची वाढ आणि प्रजनन दोन्ही मंदावल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. पुढे 2022 मध्ये ती पुन्हा लाख टनांवर गेली. असा चंचल मासा उद्या रत्नागिरी-मालवणचीही साथ सोडू शकतो. मासा सरहद्द ओलांडतो. रापण ओढणाऱ्या कोळ्याला मात्र आपला किनारा सोडून त्याच्यामागे जाता येत नाही. त्याचे कर्ज, त्याचे जाळे आणि त्याची बाजारपेठ तेथेच असते. दुबार पेरणीचे संकट सोसणाऱ्या गावाला ही अडचण अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार 1901 ते 2012 या काळात पश्चिम हिंदी महासागराचा पृष्ठभाग उन्हाळ्यात सुमारे 1.2 अंशाने तापला. अशा तापलेल्या पाण्यात एल निनोची भर पडते, तेव्हा माशांना विसावा उरत नाही.

समुद्र थंड करणे शासनाच्या हाती नाही. पिल्ले वाचविणे मात्र आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडून उपग्रहाने टिपलेले पाण्याचे तापमान व हिरवेपणा पाहून मासळीच्या संभाव्य जागा कोळ्यांना कळविल्या जातात. त्यामुळे होडीचे डिझेल वाचते. पुढील हंगामात तारली कोणत्या किनाऱ्याला लागेल, हे मात्र त्या सूचनेतून कळत नाही.