विमान पाऊण तासाचे, प्रवास किती तासांचा?

डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेत नाशिक-मुंबई विमान सुरू झाले. रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास असलेली मुंबई पाऊण तासावर आली. ती सेवा पुढे टिकली नाही. कारणे अनेक; पण वेळेचा हिशेबही पाहा.

ओझरचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटर, तोही आग्र्याच्या दिशेला. म्हणजे मुंबईला निघालेला नाशिककर आधी मुंबईकडे पाठ फिरवणार! तिथवर पाऊण तास, तपासणीसाठी तासभर आधी हजेरी, विमानात पाऊण तास आणि मुंबईत उतरल्यावर फोर्ट गाठायला आणखी तासभर. साडेतीन तास झालेच. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस जवळपास तेवढ्याच वेळात थेट सीएसएमटीला सोडते, तीही कितीतरी स्वस्तात.

दिल्लीचे मात्र वेगळे. हवाई अंतर सुमारे १००० किलोमीटर. विमानतळावरचा वेळ तेवढाच जातो, पण उड्डाण दोन तासांचे. रेल्वेत अख्खी रात्र जाते. तिथे विमान खरेच वेळ वाचवते.

तेव्हा रुग्णाला न्यायचे असो की मुलाची मुलाखत गाठायची असो, तिकिटावरच्या मिनिटांवर जाऊ नका. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचे तास मोजा.